आकाश निळे झाले, पण चूल विझली त्याचे काय?

२०२० च्या मार्च महिन्यात देशाला कुलूप लागले आणि पंधरा दिवसांच्या आत वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून, मोबाईलवरून एक आनंदवार्ता फिरू लागली. हवा स्वच्छ झाली! पंजाबात जालंधरच्या गच्च्यांवरून हिमाचलातील धौलाधारची बर्फाची शिखरे दिसू लागली. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आकाश धुऊन काढल्यासारखे निळे दिसू लागले. निसर्ग मोकळा श्वास घेतो आहे, माणूस हाच पृथ्वीला जडलेला रोग आहे, अशी सुभाषिते पांढरपेशा वर्गाने एकमेकांना पाठवली. त्याला आता काही वर्षे उलटली. कारखाने पुन्हा धडधडू लागले, रस्ते पुन्हा तुंबले, हवा पुन्हा काळवंडली. तरीही दर हिवाळ्यात प्रदूषणाची बातमी आली की कोणीतरी हमखास उसासा टाकतो की लॉकडाऊनमध्ये हवा किती छान होती!

या उसाशात काय दडले आहे, याचा विचार चळवळीने करणे गरजेचे आहे. हवा स्वच्छ झाली हे खोटे नाही. ती स्वच्छ असावी, हे आम्हालाही हवे आहे. किंबहुना धुराची सर्वात जास्त झळ आमच्याच वस्त्यांना बसते. पण ती हवा कोणाच्या पोटावर पाय देऊन स्वच्छ झाली, किती स्वच्छ झाली, आणि ज्यांनी तिची किंमत मोजली त्यांच्या वाट्याला त्यातले काय आले, हे प्रश्न त्या निळ्या आकाशाखाली कोणी विचारले नाहीत. ते आज विचारले पाहिजेत. कारण पर्यावरणाच्या नावाखाली उद्या पुन्हा कष्टकऱ्यालाच घरी बसवण्याची, किंवा त्याचे घरच पाडण्याची, वेळ येऊ शकते.

आकडे काय सांगतात?

प्रथम आकडे पाहू. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ नावाची यंत्रणा शहरांतील हवा मोजते. निगडी, भोसरी, आळंदी, भूमकरनगर ही तिच्या केंद्रांची नावे आपल्या भागातील वाचकांना परिचित आहेत. मार्च २०२० च्या अखेरीस या यंत्रणेने जाहीर केले की, पुण्याच्या हवेतील नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले. मुंबईत ते ३८ टक्क्यांनी आणि अहमदाबादेत ५० टक्क्यांनी घटले. मात्र पीएम २.५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म कणांमध्ये पुण्यात १५ टक्केच घट झाली होती.

४३ आणि १५ या दोन आकड्यांमधील फरकात सगळे मर्म आहे. नायट्रोजन ऑक्साइड हा मुख्यतः इंजिनाचा धूर. मोटारी, ट्रक, बस बंद झाल्या की तो काही तासांत विरून जातो. म्हणून तो धाडकन खाली आला. सूक्ष्म कणांचे तसे नाही. माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळजवळ पंचविसाव्या हिश्शाएवढे हे कण. ते नाकातोंडाच्या चाळणीत अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात उतरतात. ते हवेत कित्येक दिवस तरंगतात, दूरवरून वाहत येतात. वीज केंद्रांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर, लाकडाच्या चुलीचा धूर, रस्त्याची धूळ, शिवाय हवेतच वायूंचे रूपांतर होऊन तयार होणारे कण, असे त्यांचे उगम अनेक आहेत. वीज केंद्रे अत्यावश्यक म्हणून चालू होती. चूलही चालू होती. लाखो घरांत तर माणसे दिवसभर चार भिंतींत कोंडलेली असल्यामुळे ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ पेटत होती.

आणखी एक गोष्ट. इंजिनाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतच्या ओझोन वायूचा काही भाग खाऊन टाकतो. तो धूर कमी झाला, वर एप्रिल-मेचे कडक ऊन होते, त्यामुळे देशातील अनेक शहरांत ओझोन उलट वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. हा ओझोनही श्वसनमार्गाला अपायकारकच. शिवाय उन्हाळ्यात हवा तापून उंच चढते आणि प्रदूषण पांगते. थंडीत ती जमिनीलगत साचून राहते. म्हणून मार्च ते मे या काळात आपल्याकडची हवा एरवीही डिसेंबर-जानेवारीपेक्षा बरी असते. तेव्हा निळ्या आकाशाचे सगळेच श्रेय टाळेबंदीला देता येत नाही.

याचा अर्थ एवढाच की, सगळ्या देशाची चाके थांबवूनही पुण्याच्या हवेतील सर्वात घातक घटक १५ टक्क्यांनीच कमी झाला. उरलेला ८५ टक्के कुठून येत होता, हा खरा प्रश्न होता. पण त्याचे उत्तर शोधायचे तर चुलीपाशी, कचरा डेपोपाशी, भट्टीपाशी जावे लागते. गच्चीवरून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना ते शक्यही नव्हते आणि तशी इच्छाही नव्हती.

माणसे कोणी मोजली?

२४ मार्च २०२० च्या रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांनी, मध्यरात्री ती लागू झाली. चार तासांत कोणी काय करायचे? ज्याच्या घरात महिन्याचा किराणा होता, बँकेत पगार जमा होणार होता, तो घरी बसला. ज्याचे पोट रोजच्या रोजीवर होते, तो रस्त्यावर आला. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशातील १२ कोटींहून अधिक लोकांचा रोजगार गेला. त्यात सर्वाधिक होते ते रोजंदारीवरचे मजूर आणि फेरीवाले.

कामगारांना पूर्ण पगार द्या, असा आदेश केंद्रीय गृहखात्याने २९ मार्चला काढला खरा. पण मे महिन्याच्या मध्यावर तो मागे घेण्यात आला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, दोन्ही बाजूंनी वाटाघाटी कराव्यात. कंत्राटी कामगाराने वाटाघाटी कोणाशी करायच्या? कंपनी म्हणते तो आमचा माणूस नाही, आणि ठेकेदाराचा फोन बंद!

८ मे २०२० च्या पहाटे काय घडले, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रेल्वे रुळांवरून चालत निघाले होते. थकून ते औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण चिरडले गेले. त्यांत आदिवासी होते. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे चित्र सगळ्या जगाने पाहिले. त्या दिवशीही आकाश निळेच होते.

आता सरकारी हिशोबाची तऱ्हा पाहा. हवेत नायट्रोजन ऑक्साइड किती टक्क्यांनी घटला, हे टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच कळले. पण १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत विचारले गेले की घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाचे उत्तर होते, अशी आकडेवारी उपलब्ध नाही. एक कोटीहून अधिक मजूर गावी परतले, एवढे मात्र त्याच उत्तरात मान्य केले होते. केसाच्या पंचविसाव्या भागाएवढा कण ज्या व्यवस्थेला दिसतो, तिला रुळावर, रस्त्यावर, भर उन्हात कोसळलेला माणूस दिसला नाही. यंत्र कमी पडले असे म्हणता येणार नाही. ज्याला कोणी मोजायचेच ठरवलेले नसते, तो आकडेवारीत कधीच येत नाही.

आणि ज्यांना त्या काळात कामावर जावेच लागले, ते कोण होते? घराघरांतून कचरा उचलणारे, गटारे साफ करणारे, रुग्णालयांतील सफाई करणारे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुतांश दलित समाजातील स्त्रिया आहेत. कचऱ्याचे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. अख्खे शहर दार लावून बसले असताना आजाऱ्यांच्या घरातील कचऱ्याची पिशवी याच हातांनी उचलली. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. कायम नोकरीचा आदेश मात्र निघाला नाही.

त्या काळात ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द सरकारी जाहिरातींतून दिवसरात्र ऐकवला गेला. रोगापासून शरीराने दूर राहणे वेगळे आणि समाजाने माणसाला दूर ठेवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा अनुभव हजारो वर्षे घेतलेल्या समाजाला तो शब्द खटकणारच. वाहने थांबली होती, कारखाने थांबले होते; जात मात्र थांबली नव्हती. जून २०२० मध्ये पिंपळे सौदागरमध्ये एका २० वर्षांच्या दलित तरुणाचा प्रेमसंबंधाच्या कारणावरून खून झाला आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. हवा मोजणारे निगडीचे केंद्र तिथून फार दूर नाही.

देहू ते चाकण

देहूचे नाव घेतले की महाराष्ट्राला तुकोबा आठवतात, इंद्रायणी आठवते. आम्हाला त्याबरोबर देहूरोड आठवते. २५ डिसेंबर १९५४ रोजी, मनुस्मृती दहनाच्या तारखेलाच, बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडच्या विहारात प्रतिष्ठापित केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. म्हणून ही आमची धम्मभूमी. २०२० च्या जूनमध्ये तुकोबांची पालखी नेहमीच्या लाखोंच्या वारीविना निघाली आणि पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. त्याच वर्षी १४ एप्रिलला आमच्या समाजाने ना मिरवणूक काढली ना डीजे लावला. घराघरांत दिवे लावून, पुस्तके वाचून जयंती साजरी केली. शिस्त कशी पाळायची हे कष्टकरी समाजाला शिकवावे लागले नाही.

या धम्मभूमीच्या चहूबाजूंनी कारखाने आहेत. एका अंगाला जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि निगडी. दुसऱ्या अंगाला तळवडे, चिखली, मोशी. इंद्रायणी ओलांडली की येलवाडी, आणि पुढे महाळुंगे, निघोजे, कुरुळी हा चाकणचा औद्योगिक पट्टा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, भोसरी-चिंचवडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे मोहोळ बसले आणि २००० नंतर देशी-विदेशी मोटार कंपन्यांनी चाकण गाठले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील भूमिहीनांना या भागात आणले. त्यांच्यामागून विदर्भ आला, मग बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड आले.

या माणसांना हवा कुठे लागते, याचा विचार करा. ‘सफर’चे केंद्र मोकळ्या जागेतील हवा मोजते आणि शहराची सरासरी सांगते. पण भोसरीच्या फाउंड्रीत साचा फोडताना वाळूची धूळ उडते, ती सरासरीत येत नाही. त्या वाळूतील सिलिका फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वेल्डिंगचा धूर, ग्राइंडिंगची भुकटी, पेंट शॉपमधील रसायनांची वाफ, यांपैकी काहीच चौकातील फलकावर दिसत नाही. आठ-दहा तास ही हवा ओढून कामगार ट्रक-डंपरांच्या धुरातून घरी येतो. घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, चार-पाच जणांत मिळून भाड्याने घेतलेली. शेजारी उघड्यावर कचरा पेटलेला. शहराच्या सरासरीत हा माणूस आणि वातानुकूलित मोटारीत काच लावून बसलेला साहेब एकाच हवेत श्वास घेतात! बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. हवेतही अशीच उतरंड आहे. जो जितका खाली, त्याच्या छातीत तितका धूर जास्त.

कारखान्यातील हवा काय करू शकते, याचे सर्वात भयंकर उदाहरण देहूपासून जवळच घडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फटाका-मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या दोन मिनिटांच्या झगमगाटासाठी!

लॉकडाऊनने या कामगारांच्या छातीतील जुना धूर काढला नाही. उलट २०२० मध्येच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, ज्या भागांतील लोकांनी वर्षानुवर्षे सूक्ष्म कणांची हवा ओढली, तिथे कोरोनाने मृत्यू होण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे ज्यांनी आधी धूर खाल्ला, त्यांनाच रोगाचा धोका जास्त होता, आणि तो धूर थांबला तेव्हा त्यांचाच रोजगार गेला. शिक्षा एकाच माणसाला तीनदा!

खेड्याच्या शुद्ध हवेचे गोडवे

टाळेबंदीत आणखी एक विचार जोरात पसरवला गेला. शहरे म्हणजे पाप, मजूर गावी परतले हे बरेच झाले, खेड्यातील शुद्ध हवा आणि साधे जीवन हाच खरा मार्ग. ऐकायला गोड. पण आमच्या समाजाने खेडे का सोडले, याचा विसर पडलेल्यांनाच हे सुचू शकते. खेड्यात झाडे होती, नदी होती, हवा स्वच्छ होती. पण गावकुसाबाहेर वाऱ्याची दिशा पाहून वसवलेल्या वस्तीत माणूस गुदमरत होता. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगानाची कठोर चिकित्सा केली, ती याच अनुभवातून. शहराने आपल्याला पूर्ण न्याय दिला नाही, पण कारखान्याच्या फाटकावर निदान नाव आधी विचारले जाते, जात नंतर. शहराने आपल्याला वेतन दिले, शाळा दिली, संघटना दिली, वर्तमानपत्र दिले.

म्हणून प्रदूषणाच्या प्रश्नावर चळवळीची भूमिका दोन्ही बाजूंनी ठाम असली पाहिजे. कारखाने बंद करा, गावी जा, हे आम्हाला मान्य नाही. आणि रोजगार हवा असेल तर धूर गिळा, हेही मान्य नाही. आम्हाला शहर पाहिजे आणि त्या शहरात श्वास घेण्याचा अधिकारही पाहिजे. या दोहोंपैकी एक निवडा असे सांगणारा माणूस स्वतः या दोहोंचा उपभोग घेत असतो, हे ध्यानात ठेवावे.

कुऱ्हाड कोणावर पडते?

२०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. आधी २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटवायचे ठरले, मग उद्दिष्ट बदलून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले. पैसा कुठे गेला? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत आढळले की, खर्चाचा ६४ टक्के भाग रस्त्यावरील धूळ कमी करण्यावर गेला. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही खर्च झाला नव्हता. पाणी फवारणारे टँकर आणि झाडणारी यंत्रे विकत घेणे सोपे. कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखवणे अवघड.

बोट दाखवायचेच झाले तर ते गरिबाकडे दाखवले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागातील चार हजारांहून अधिक बांधकामे बुलडोझर लावून पाडली. भंगाराची दुकाने, गोदामे, लघुउद्योग भुईसपाट झाले. अनधिकृत बांधकाम, आगीचा धोका, प्रदूषण अशी कारणे चर्चेत होती. तिथे आगी लागत होत्या, धूर होत होता, हे खरेच आहे. पण ते भंगार आले कुठून? याच औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांतून आणि याच शहरातील घरांतून. ज्यांनी भंगार निर्माण केले ते अधिकृत, ज्यांनी ते निवडून पुन्हा कामात आणले ते अनधिकृत! सुरक्षित जागा, वीज, पाणी, अग्निशमनाची सोय देऊन हा व्यवसाय नीट उभा करणे हाही एक मार्ग होता. बुलडोझरने धूर एका ठिकाणाहून उठतो आणि दुसऱ्या ठिकाणी, अधिक गरीब वस्तीत जाऊन बसतो.

कामाच्या तासांचे पाहा. कोरोनाचे निमित्त करून गुजरात सरकारने १७ एप्रिल २०२० रोजी कारखान्यांत १२ तासांच्या पाळीला परवानगी दिली, तीही जादा वेळेचा दुप्पट दर न देता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. पण विचार मेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास मान्यता दिली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रममंत्री असलेल्या बाबासाहेबांच्या कारकिर्दीत ४८ तासांच्या आठवड्याचा कायदा झाला होता. आठ तास फाउंड्रीची धूळ ओढणे आणि बारा तास ओढणे यात फुफ्फुसाच्या हिशोबाने किती फरक पडतो, हे या निर्णयावर सही करणाऱ्यांनी कोणत्या यंत्राने मोजले?

कागदावरचा हक्क

स्वच्छ हवा हा उपकार नाही, हक्क आहे. १९८१ पासून हवा प्रदूषण प्रतिबंध कायदा आहे. १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतील अंतर आमच्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे? १९२३ चा बोले ठराव होता, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चालत तळ्यापर्यंत जाईतो ओंजळभर पाणी मिळाले नव्हते. पाण्याचा हक्क चालत जाऊन घ्यावा लागला. हवेचा हक्क घरबसल्या मिळेल, या भ्रमात आपण राहू नये.

मानकांचीही गोष्ट तशीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम केली. आपल्या देशाची २००९ मध्ये ठरलेली मर्यादा आहे ४०. म्हणजे जगासाठी जी हवा आठपट घातक, ती आपल्या कागदोपत्री समाधानकारक!

मग मागायचे काय? पहिली मागणी, हवा कारखान्याच्या आत मोजा. भोसरी, तळवडे, चाकणच्या प्रत्येक फाउंड्री, पेंट शॉप, वेल्डिंग विभागातील हवेचे आकडे फाटकावर मराठी आणि हिंदीत लावा. दुसरी, आरोग्य तपासणी. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू करताना ४० वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी करण्याचे जाहीर झाले. पण विसाव्या वर्षी धुळीत उतरलेला कंत्राटी पोरगा चाळिशीपर्यंत किती ठेकेदार आणि किती फाटके बदलतो? तपासणी पहिल्या दिवसापासून हवी, आणि तिची नोंद ठेकेदाराकडे नको, कामगाराच्या हाती हवी. तिसरी, चुलीचा धूर. टाळेबंदीत उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना एप्रिल ते जून २०२० साठी तीन सिलिंडर मोफत मिळाले. म्हणजे मनात आणले तर ते करता येते. सिलिंडर भरायला पैसे नसतील तर नुसती शेगडी भिंतीला टेकून उभी राहते आणि बाई पुन्हा लाकडे फुंकते.

चौथी मागणी वाहतुकीची. मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीपर्यंत आली, चांगले झाले. पण चाकणच्या पाळीला जाणारा कामगार दुचाकीवर किंवा खचाखच भरलेल्या टेम्पोत असतो. पाळीच्या वेळेप्रमाणे पुरेशा आणि स्वस्त बस दिल्या तर धूरही घटेल आणि कामगाराच्या खिशाचा भारही. पाचवी, कचरा. पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीत जातो. तिथे २०२३ मध्ये कचऱ्यापासून वीज बनवण्याचा प्रकल्पही सुरू झाला. पण कचरा मुळात वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराला कायम नोकरी, मास्क, हातमोजे आणि विमा मिळाल्याशिवाय वस्तीतील कचरा पेटायचा थांबणार नाही. आणि सहावी, सर्वात महत्त्वाची. उद्या हवा बिघडली म्हणून दिल्लीप्रमाणे बांधकामे, भट्ट्या किंवा कारखाने काही दिवस बंद ठेवायची वेळ आली, तर त्या दिवसांची मजुरी कामगाराला मिळालीच पाहिजे. ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले आहे. मग हवा शुद्ध करण्याचा खर्च रोजंदारीवरच्या माणसाच्या ताटातून का वसूल करायचा?

आमच्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द. पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा, टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा विषय, असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे त्या विषयाची भाषा त्यांनी ठरवली आणि त्या भाषेत आपली वस्ती नेहमी दोषी ठरली. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास वस्तीतील खोकल्याची, दम्याची, कचरा जाळण्याची नोंद करायला काय हरकत आहे? माहितीच्या अधिकारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे शेजारच्या कारखान्याची माहिती मागायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. कामगार संघटनेच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली एक ओळ हवेचीही असावी. देहूरोडला दर २५ डिसेंबरला हजारोंच्या संख्येने जमणारा समाज हा प्रश्न व्यासपीठावर मांडू शकतो.

२०२० च्या त्या काही आठवड्यांनी एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. हवा बिघडणे ही दैवी आपत्ती नाही. चाके थांबली तेव्हा ती सुधारली, म्हणजे ती माणसाच्या निर्णयांनी बिघडते आणि माणसाच्या निर्णयांनी सुधारू शकते. तेव्हा तो निर्णय चार तासांच्या मुदतीत, कष्टकऱ्याला न विचारता घेतला गेला. यापुढचा निर्णय घेताना देहूरोडच्या चाळीतील, चाकणच्या खोलीतील आणि मोशीच्या डेपोवरील माणूस टेबलाच्या अलीकडे बसलेला असला पाहिजे. आणि त्याला तिथे कोणी बोलावणार नाही. तिथे त्याला संघटित होऊनच पोहोचावे लागेल.